चार्ल्स सिमियन (१७५९–१८३६): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार्ल्स सिमियन कोण होते?

इंग्लंडमधल्या केंब्रिज शहरात होली ट्रिनिटी नावाचं चर्च आहे. १७८२ पासून १८३६ पर्यंत, म्हणजे ५४ वर्षं, सिमियन त्या एकाच चर्चचे पाळक होते. २४ सप्टेंबर १७५९ रोजी रेडिंग इथे जन्म, ईटनला शाळा, पुढे केंब्रिजचं किंग्ज कॉलेज आणि अखेरपर्यंत त्याच कॉलेजच्या खोल्यांत मुक्काम. ते बिशप झाले नाहीत, मोठ्या धर्मपीठावर बसले नाहीत. तरी पुढे मेकॉलेने एका पत्रात लिहिलं की चर्चमधली त्यांची खरी सत्ता कुठल्याही आर्चबिशपपेक्षा मोठी होती. (हा तोच मेकॉले, आपल्याकडच्या इंग्रजी शिक्षणाचा. तो केंब्रिजला शिकला तेव्हा सिमियन तिथेच होते.)

'इव्हँजेलिकल अँग्लिकन' म्हणजे नेमकं काय?

अँग्लिकन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचा. हे चर्च एकच घर असलं तरी त्यात वेगवेगळ्या वळणांची माणसं राहतात. एका टोकाला संस्कार, विधी आणि पाळकपदाची परंपरा यांवर भर देणारा 'हाय चर्च' पंथ, दुसऱ्या टोकाला इव्हँजेलिकल, म्हणजे सुवार्तावादी. सुवार्तावाद्यांचा भर तीन-चार गोष्टींवर असतो: पवित्र शास्त्राचा अधिकार, ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या मरणातून मिळणारं तारण, प्रत्येकाचा वैयक्तिक पालट (पाप सोडून देवाकडे वळणं) आणि त्यानंतरचं बदललेलं आचरण.

मराठी वाचकाला हा फरक ओळखीच्या नावांतून लवकर कळतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला. तिथल्या सिस्टर्स हाय चर्च वळणाच्या होत्या. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा बाप्तिस्मा मात्र १८४८ मध्ये जौनपूरला चर्च मिशनरी सोसायटीच्या (सीएमएस), म्हणजे सुवार्तावादी मिशनऱ्यांच्या हातून झाला आणि पुढे ते हाय चर्चकडे गेले. सिमियन पक्के सुवार्तावादी होते, पण अँग्लिकन प्रार्थनापुस्तकावर त्यांचं जिवापाड प्रेम होतं. १८११ मध्ये त्यांनी विद्यापीठात त्या उपासनाविधीच्या थोरवीवर प्रवचनंच दिली. सुवार्तावादी म्हणजे विधी न मानणारा, असा हिशेब त्यांच्या बाबतीत जुळत नाही.

त्यांचा पालट कसा झाला?

कॉलेजच्या एका नियमामुळे. जानेवारी १७७९ मध्ये ते किंग्ज कॉलेजात आले. ईटनमध्ये घोडे, कपडे आणि अंगमेहनतीच्या कसरतींसाठी त्यांचं नाव होतं. तिसऱ्याच दिवशी प्रोव्होस्टचा, म्हणजे कॉलेजप्रमुखाचा, निरोप आला की साधारण तीन आठवड्यांनी प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, आहे आणि त्याला हजर राहणं सक्तीचं आहे. त्यांच्या मनात आलं, सैतान जेवढा या मेजाला लायक तेवढाच मी. मग घाईघाईने भक्तिपर पुस्तकं वाचणं, जुन्या चुका आठवणं, उपास करणं सुरू झालं. प्रकृती बिघडण्याची वेळ आली, पण मनाला स्वस्थता नव्हती.

प्रभुभोजन आलं आणि गेलं. आता ईस्टरला पुन्हा जावं लागणार होतं. पवित्र सप्ताहात बिशप विल्सन यांच्या पुस्तकात एक वाक्य सापडलं: यहुदी लोक बलिपशूच्या डोक्यावर आपली पापं ठेवत, तेव्हा आपण काय करतो आहोत हे त्यांना ठाऊक होतं. सिमियन यांना वाटलं, मग मलाही माझा भार दुसऱ्यावर ठेवता येईल. बुधवारपासून आशा वाढत गेली आणि ४ एप्रिल १७७९, ईस्टरच्या पहाटे, ते 'येशू ख्रिस्त आज उठला आहे, हालेलूया' हे शब्द ओठांवर घेऊनच जागे झाले. यात कुणा उपदेशकाचा हात नव्हता, कसली सभा नव्हती. कॉलेजात आपल्यासारखं कुणी आहे हे कळायलाही त्यांना पुढे बराच काळ लागला.

पाळकपदाचं प्रशिक्षण त्यांनी कुठे घेतलं?

कुठेच नाही, आणि त्या काळी कुणीच घेत नसे. पाळक घडवणारी विद्यालयं तेव्हा चर्च ऑफ इंग्लंडकडे नव्हती. विद्यापीठाची पदवी हाच दाखला. त्यातही किंग्ज कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाची परीक्षा न देता पदवी मिळण्याचा विशेषाधिकार होता. १७८२ मध्ये ते फेलो, म्हणजे कॉलेजचे सदस्य, झाले आणि त्याच वर्षी २६ मे रोजी ईली इथे त्यांना डीकनपदाची, म्हणजे पाळकपदाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा मिळाली, तेव्हा वय होतं २२.

त्या उन्हाळ्यात सेंट एडवर्ड चर्चचे पाळक सुटीवर होते. त्यांच्या जागी सिमियन यांनी प्रवचनं दिली. चर्च इतकं भरू लागलं की मूळ पाळक परतल्यावर तिथला क्लार्क म्हणाला, बरं झालं तुम्ही आलात, आता जरा जागा होईल! खरं प्रशिक्षण मिळालं ते यीलिंग गावचे ज्येष्ठ पाळक हेन्री व्हेन यांच्याकडे. शहरातून घोड्यावरून त्यांच्याकडे जाणं आणि बोलत बसणं, एवढीच ती शाळा.

लोकांनी बाकांना कुलपं घातली, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. पण ती समजायला त्या काळच्या चर्चची रचना माहीत हवी. बाकं म्हणजे आजच्यासारखी उघडी नव्हती. लाकडी कठडा, त्याला दार, दाराला कुलूप, अशी ती खोपटी असायची आणि एकेक खोपटं एकेका कुटुंबाच्या ताब्यात असे.

आता भांडणाचं मूळ. ऑक्टोबर १७८२ मध्ये होली ट्रिनिटीचे व्हिकार, म्हणजे मुख्य पाळक, वारले. पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या, लोकांना तिथले क्युरेट, म्हणजे सहायक पाळक, हॅमंड हवे होते. पण नेमणूक ईलीच्या बिशपकडे होती आणि सिमियन यांच्या वडिलांनी बिशपकडे मुलासाठी शब्द टाकला. (हा वशिलाच होता, त्याला दुसरं नाव नाही.) लोक इतके चिडलेले पाहून सिमियन माघार घ्यायला तयार झाले, तर बिशपने कळवलं की तुम्ही घ्या किंवा नका घेऊ, हॅमंडना मी नेमणार नाही. १० नोव्हेंबर १७८२ रोजी सिमियन यांनी तिथे पहिलं प्रवचन दिलं.

लोकांच्या हातात तीन गोष्टी होत्या आणि तिन्ही त्यांनी वापरल्या.

पहिली, बाकं. मालकांनी दारांना कुलपं घातली आणि स्वतः यायचं बंद केलं. येणाऱ्यांना मधल्या वाटेत उभं राहावं लागे. सिमियन यांनी पदरच्या पैशाने बाकडी करून वाटेत आणि कोपऱ्यांत ठेवली, तर चर्च वॉर्डननी, म्हणजे पॅरिशच्या कारभाऱ्यांनी, ती उचलून बाहेर अंगणात फेकली.

दुसरी, 'लेक्चररशिप'. रविवारी दुपारच्या प्रवचनाचं हे वेगळं पद. त्याची निवड पॅरिशचे लोक करत आणि त्याचा पैसा व्हिकारपदापेक्षा जास्त होता. ते त्यांनी हॅमंडना दिलं, पाच वर्षांनी दुसऱ्या एकाला. म्हणजे व्हिकार असूनही सिमियन यांना दुपारी स्वतःच्याच व्यासपीठावर जागा नव्हती. ती मिळाली १७९४ मध्ये, बारा वर्षांनी.

तिसरी, चाव्या. दुपार हातची गेली म्हणून सिमियन यांनी रविवारी संध्याकाळची उपासना सुरू केली. चर्चमध्ये संध्याकाळी दिवे लावून उपासना हीच तेव्हा नवलाची गोष्ट. वॉर्डननी दाराला कुलूप लावलं. लोक रस्त्यात उभे. सिमियन यांनी एकदा कुलूपवाल्याला बोलावून दार उघडून घेतलं, पण पुढे तो हट्ट सोडला.

विद्यार्थ्यांचा दंगा वेगळाच. खिडक्यांवर विटा, प्रवचनात आरडाओरड. सिमियन यांच्या मागे जाणाऱ्यांना 'सिम' म्हणून चिडवत. आपल्याच कॉलेजचा एक फेलो क्लेअर हॉलसमोरच्या हिरवळीवर पाव तास आपल्याबरोबर फिरला याचं एकेकाळी आपल्याला आश्चर्य वाटलं होतं, असं सिमियन यांनी नंतर लिहून ठेवलं आहे. बाकांची कुलपं साधारण दहा वर्षं टिकली.

ते कोर्टात का गेले नाहीत?

बाकांना कुलूप घालणं कायद्याने टिकणारं नाही, असा सल्ला त्यांना मिळाला होता. दावा केला असता तर बहुधा जिंकलेही असते. पण ज्यांच्यावर खटला भरायचा त्यांनाच उपदेश करायचा होता. या काळात त्यांनी धरून ठेवलेलं वचन तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं आहे, अध्याय २, ओवी २४: प्रभूच्या दासाने भांडू नये. त्यांचा हिशेब साधा होता. अर्धीच माणसं आली, पण आलेल्यांना दुप्पट आशीर्वाद मिळाला, तर बेरीज तीच.

यावरून ते मवाळ होते असं मात्र कुणी समजू नये. खिडक्या फोडणाऱ्या एका विद्यार्थ्याला त्यांनी पकडून जाहीर माफी वाचायला लावली होती. स्वतःच्या हक्कासाठी गप्प राहायचं आणि उपासनेच्या शिस्तीसाठी नाही, अशी ती विभागणी होती.

त्यांचा दिनक्रम कसा होता?

पहाटे चारला उठायचं आणि आठपर्यंत प्रार्थना व शास्त्रवाचन, तेही थंडीत स्वतः शेकोटी पेटवून. ही सवय सहज लागली नव्हती. उठायला उशीर झाला की मोलकरणीला अर्धा क्राउन द्यायचा, असा दंड त्यांनी आधी ठरवला. एका सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या मनाने युक्तिवाद केला: बाई गरीब आहे, तिला पैसे मिळाले तर वाईट काय! दंडाचं दान झालं की तो दंड उरत नाही हे ओळखून त्यांनी नियम बदलला. पुढच्या वेळी एक गिनी, म्हणजे सोन्याचं नाणं, कॅम नदीत फेकायची. तशी एकदा फेकली. दुसऱ्यांदा वेळ आली नाही.

सिमियन प्रवचनाचा आराखडा कसा करत?

हा प्रश्न पाळक आणि बायबल शिकवणारे सर्वात जास्त विचारतात, म्हणून उत्तर सविस्तर.

सुरुवातीला त्यांनाही प्रवचन कसं बांधायचं ते येत नव्हतं. अनुभवाने काही नियम बसले. नंतर झाँ क्लोद या फ्रेंच प्रॉटेस्टंट पाळकाचा प्रवचनरचनेवरचा निबंध हाती आला आणि आपले नियम त्यात आधीच मांडलेले आहेत हे पाहून ते चकित झाले. १७९६ मध्ये त्यांनी हा निबंध सुधारून, स्वतःच्या शंभर आराखड्यांसह छापला. या आराखड्यांना ते 'सांगाडे' म्हणत. हाडं माझी, मांस तुम्ही चढवा, हा त्यातला अर्थ.

कामाचा क्रम असा. शास्त्रभाग निवडल्यावर आधी तो मागच्या-पुढच्या ओव्यांसह वाचायचा. टीकाग्रंथ नंतर. मग विचारायचं, या ओवीत पवित्र आत्म्याचा मुख्य रोख काय? तो एका विधानात लिहून काढायचा. विधान एका वाक्यात बसत नसेल तर भाग अजून समजला नाही, किंवा फार मोठा घेतला आहे. त्यानंतर दोन किंवा तीन मुद्दे, पण ओवीच्या पोटातून निघालेले, बाहेरून आणून चिकटवलेले नाहीत. प्रवचन दुर्बिणीसारखं असावं, असं ते सांगत: प्रत्येक मुद्दा म्हणजे आणखी एक भिंग, त्यातून तोच विषय जवळ आणि स्पष्ट दिसला पाहिजे. शेवटी लागू करणं. इथे ते श्रोत्यांचे गट पाडत: बेफिकीर, घाबरलेले, विश्वासात असलेले. एकच बोध सगळ्यांच्या गळ्यात घालत नसत.

लिहून झाल्यावर तीन प्रश्नांची चाळणी. हे पाप्याला नम्र करतं का? तारणाऱ्याला उंचावतं का? पवित्रतेकडे नेतं का? एकाचंही उत्तर 'नाही' आलं तर प्रवचन बाद.

चुकतं कुठे? बहुतेक वेळा पहिल्या पायरीवर. सांगायचं काय ते उपदेशकाच्या डोक्यात आधीच असतं आणि ओवी नुसती खुंटी म्हणून वापरली जाते. शास्त्रात जे आहे ते बाहेर काढायचं, मला जे असावंसं वाटतं ते आत कोंबायचं नाही, हा सिमियन यांचा नियम याच रोगावर होता. दुसरी चूक मुद्द्यांच्या गर्दीची. सहा मुद्दे ऐकून घरी गेलेल्या माणसाला एकही आठवत नाही. तिसरी चूक त्यांच्याच पुस्तकामुळे होते: तयार सांगाडा उचलून तसाच वाचून दाखवणं. ते प्रवचन कोरडं ठणठणीत होतं, आणि त्याला सिमियन जबाबदार नाहीत.

यात वेळ किती जाई? क्वचितच एखाद्या प्रवचनाला बारा तासांपेक्षा कमी अभ्यास लागला. बऱ्याच वेळा त्याच्या दुप्पट.

'होरे होमिलेटिके' हे तेच पुस्तक का? आज वाचावं का?

होय, त्या सांगाड्यांचा पुढे वाढत गेलेला संग्रह. १८३२–३३ च्या आवृत्तीत २१ खंड आणि २,५३६ आराखडे आहेत, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून शेवटच्यापर्यंत. रोज एक वाचला तर जवळजवळ सात वर्षं पुरतात. सलग वाचायला बसू नये, कंटाळा येतो. एखाद्या ओवीवर आधी स्वतःचा आराखडा करावा आणि मग शेजारी सिमियन यांचा ठेवून पाहावा. त्यांनी मुख्य रोख कुठे पकडला आणि आपण कुठे निसटलो, हे तेव्हा कळतं.

शुक्रवारचा चहा आणि रविवारचा वर्ग म्हणजे काय?

विद्यार्थी घडवायच्या या दोन वेगळ्या रीती होत्या, त्यांची गल्लत होते. रविवारचा वर्ग प्रवचनरचनेचा, पाळक होऊ पाहणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांसाठी. सिमियन एक ओवी देत, प्रत्येकाने आराखडा करून आणायचा, मग ते तो तपासत. आवाज, उच्चार, हातवारे, उपासनाविधी कसा वाचावा, सगळं यात येई. शुक्रवारची बैठक सर्वांना खुली होती. किंग्जच्या गिब्ज इमारतीत त्यांच्या खोलीवर मुलं जमत, चहा होई, कुणीही काहीही विचारावं. यांतली शेकडो मुलं पुढे देशभर पाळक झाली. मेकॉले ज्या सत्तेबद्दल बोलतो तिचा उगम या चहात आहे, कुठल्याही पदात नाही.

ते कॅल्व्हिनवादी होते की वेस्लीच्या बाजूचे?

कॅल्व्हिनवादी म्हणजे तारण सर्वस्वी देवाच्या निवडीवर आहे असं मानणारे; आर्मिनियन म्हणजे ते स्वीकारायची किंवा नाकारायची मोकळीक माणसाला आहे असं मानणारे. लोक सिमियन यांना कॅल्व्हिनवादी म्हणत. डिसेंबर १७८४ मध्ये हिंक्सवर्थ इथे त्यांची मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्याशी भेट झाली. वेस्ली ८१ वर्षांचे, सिमियन २५ चे. सिमियन यांनी लिहून ठेवलेल्या संभाषणात ते म्हणतात, तुम्ही आर्मिनियन, मी कॅल्व्हिनवादी म्हणवला जातो, तेव्हा आता खंजीर काढायला हवेत; पण आधी काही प्रश्न विचारू का? मग एकामागून एक विचारलं: माणूस इतका बिघडलेला आहे ना की देवाने आधी त्याच्या मनात घातल्याशिवाय तो देवाकडे वळणारच नाही? तारण फक्त ख्रिस्तामुळेच ना? शेवटपर्यंत सांभाळतो तोही देवच ना? वेस्ली प्रत्येकाला होकार देत गेले. मग खंजीर परत म्यानात, म्हणाले सिमियन, हाच माझा कॅल्व्हिनवाद.

पुढे त्यांचं मत असं झालं की सत्य दोन टोकांच्या मध्ये नसतं, एका टोकालाही नसतं, ते दोन्ही टोकांना असतं. निवडीची ओवी आली की निवड पूर्ण जोराने सांगायची, इशाऱ्याची ओवी आली की इशारा पूर्ण जोराने. पद्धतशीर धर्मशास्त्राची आवड असणाऱ्यांना हे अजूनही खटकतं.

प्रवचनाशिवाय पॅरिशमध्ये काय करत?

घरोघर भेटी, आणि लहान गट. मंडळी वाढल्यावर एकट्याने सगळ्यांना ओळखणं शक्य नव्हतं, म्हणून साधारण वीस-वीस जणांचे गट करून त्यांच्याशी ते नियमित भेटत. असे गट म्हणजे मेथडिस्टांची नक्कल, अशी टीका झाली. ती पूर्ण खोटी नव्हती. भेटीगाठी आणि गरजूंच्या मदतीसाठी त्यांनी सामान्य विश्वासणाऱ्यांनाही कामाला लावलं.

१७८८ च्या महागाईत पावाची किंमत गरिबांच्या आवाक्याबाहेर गेली. केंब्रिज शहरात मदत चालू होती, पण आसपासच्या गावांचं काय, असं त्यांनी विचारलं. उत्तर मिळालं नाही, मग वर्गणी गोळा करून २४ गावांत अर्ध्या किमतीत पाव मिळेल अशी व्यवस्था केली आणि बेकरीवाले ठरल्याप्रमाणे विकतात की नाही हे पाहायला घोड्यावरून स्वतः फिरत राहिले. विद्यापीठातल्या अनेकांचं मत यानंतर बदललं.

ते तापट होते म्हणतात, ते खरं का?

हो. दिसण्या-वागण्यात ऐट होती आणि राग पटकन येई. एकदा एका मित्राकडे पाहुणे असताना नोकराने शेकोटी चुकीची ढोसली म्हणून त्यांनी त्याच्या पाठीवर रट्टा दिला. निघताना घोड्याचा लगाम चुकीचा घातला म्हणून पुन्हा आरडाओरडा. यजमानाने नोकराच्या वतीने एक चिठ्ठी लिहून त्यांच्या सामानात सरकवली: प्रवचन एवढं चांगलं देणारा माणूस लगामावरून एवढा कसा भडकतो? खाली सही, 'जॉन सॉफ्टली'. सिमियन यांनी माफीचं उत्तर पाठवलं आणि सही केली, 'चार्ल्स प्राउड अँड इरिटेबल'. गर्विष्ठ आणि चिडखोर.

तरुणपणी व्हेन यांच्या मुलींनी त्यांची खिल्ली उडवली, तेव्हा व्हेन यांनी मुलींना बागेतून एक पीच आणायला सांगितलं. फळं अजून हिरवी होती. थोडं ऊन आणि थोडा पाऊस मिळू दे, म्हणाले, फळ पिकेल. मिस्टर सिमियनचंही तसंच आहे.

त्यांचा आवाज गेला होता का?

१८०७ पासून साधारण तेरा वर्षं. प्रवचनानंतर कुजबुजण्यापलीकडे बोलता येत नसे. १८१९ मध्ये स्कॉटलंडच्या वाटेवर असताना शक्ती परत आली. साठाव्या वर्षी निवृत्त व्हायचा त्यांचा बेत होता. वय नेमकं साठच होतं, आणि बेत रद्द झाला.

सिमियन ट्रस्ट म्हणजे काय? पाळकाच्या जागा 'विकत' घेणं योग्य होतं का?

हा त्यांच्या आयुष्यातला सर्वात व्यवहारी आणि सर्वात वादाचा भाग.

इंग्लंडमध्ये पॅरिशला पाळक नेमण्याचा हक्क एखाद्या 'पेट्रन'कडे असे: जमीनदार, कॉलेज, नगरपालिका, राजा किंवा बिशप. हा हक्क ही मालमत्ता होती. ती वारशाने जाई, बाजारात विकली जाई. सुवार्तावाद्यांची अडचण अशी होती की पंचवीस वर्षं खपून एखाद्याने मंडळी उभी करावी, तो वारला की पेट्रनने कुणीतरी उदासीन माणूस नेमावा, आणि मंडळी पांगून चर्च ऑफ इंग्लंडबाहेर जावी.

सिमियन यांनी हक्कच विकत घ्यायला सुरुवात केली आणि ते विश्वस्तांच्या हवाली केले. भाऊ एडवर्ड याच्याकडून आलेला पैसा यात गेला, वर्गण्याही आल्या. १८१७ मध्ये चेल्टनहॅमचा हक्क घेतला. १८३५ च्या कायद्याने नगरपालिकांना आपल्याकडचे नेमणुकीचे हक्क विकणं भाग पडलं, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या सिमियन यांनी बाथ, डर्बी यांसारख्या जागांसाठी झपाटून पैसा उभा केला. गजबजलेली, वाढणारी गावं ते मुद्दाम निवडत. दुसरे लोक उत्पन्न विकत घेतात, मी कार्यक्षेत्र विकत घेतो, असं त्यांचं म्हणणं.

विश्वस्तांना लेखी सूचना होत्या. खऱ्या अर्थाने देवाचा असलेला माणूसच नेमा. फक्त त्या गावच्या लोकांचं हित पाहा. बड्यांचा शब्द, ओळख, उमेदवाराचं मोठं कुटुंब किंवा तुटपुंजं उत्पन्न, यांतल्या कशालाही भुलू नका. आणि पॅरिशकडून कुणा क्युरेटसाठी अर्ज आला तर विशेष सावध राहा. शेवटचं कलम हॅमंड यांना आठवून वाचावं.

योग्य होतं का? वशिल्याने पाळक झालेल्या माणसाने वशिल्याला दार बंद करणारी व्यवस्था उभारली, हे खरं. पण मंडळीचं ऐकू नका असं सांगणं आज पटणं कठीण असलं, तरी हक्क खासगी लहरीतून काढून लेखी कसोटीवर आणला हेही तितकंच खरं. ट्रस्ट आजही आहे.

सीएमएसच्या स्थापनेत त्यांचा वाटा किती?

चर्च मिशनरी सोसायटी १२ एप्रिल १७९९ रोजी लंडनमध्ये स्थापन झाली. त्याआधी तीन वर्षं पाळकांच्या एका छोट्या मंडळात नुसती चर्चा चालली होती. मार्च १७९९ च्या बैठकीत सिमियन यांनी तीन प्रश्न टाकले: आपण काय करू शकतो? केव्हा करायचं? कसं करायचं? 'केव्हा'चं त्यांचं उत्तर होतं, ताबडतोब.

ते भारतात आले होते का?

कधीच नाही. तरी ते गमतीने भारताला 'माझा डायोसीस', म्हणजे बिशपच्या अखत्यारीतला मुलूख, म्हणत. कलकत्त्याला बिशप आल्यावर, आता विनयाने 'माझा प्रांत' म्हणतो, असं म्हणू लागले. (गंमत अशी की प्रांत डायोसीसहून मोठा, तो आर्चबिशपचा.) कारण ईस्ट इंडिया कंपनीचे अनेक चॅप्लेन, म्हणजे कंपनीच्या लोकांसाठीचे धर्मगुरू, त्यांनी निवडून पाठवले होते.

ही वाट का? १८१३ पर्यंत कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना मोकळी परवानगी नव्हती. चॅप्लेन मात्र कंपनीचाच पगारी नोकर. त्याचं अधिकृत काम गोऱ्या सैनिकांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी. भाषा शिकणं, भाषांतर, शाळा हे त्यापलीकडचं. कंपनीचे एक डायरेक्टर चार्ल्स ग्रँट सिमियन यांच्या ओळखीचे. सिमियन नाव सुचवत, ग्रँट ते पुढे नेत. क्लॉडियस ब्यूकॅनन, डॅनियल कॉरी (पुढे मद्रासचे पहिले बिशप), टॉमस टॉमसन ही त्यांतली काही नावं.

सर्वात प्रसिद्ध हेन्री मार्टिन. गणितात १८०१ चा सीनियर रँग्लर, म्हणजे केंब्रिजच्या परीक्षेत पहिला, सिमियन यांचा क्युरेट. १८०६ मध्ये कलकत्त्याला पोचला आणि उर्दू नवा करार तयार केला. फारसी भाषांतर तपासून घ्यायला इराणकडे जाताना त्याचं जहाज गोव्याला थांबलं, तिथे त्याने सेंट फ्रान्सिस झेवियरची कबर पाहिली. त्याच जहाजावर पुण्याकडे निघालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होते. फेब्रुवारी १८११ मध्ये ते मुंबईला उतरले आणि मार्चमध्ये मार्टिन पुढे गेला. १६ ऑक्टोबर १८१२ रोजी तुर्कस्तानात तोकात इथे तो वारला, वय ३१. त्याचं चित्र सिमियन यांनी शेकोटीवर टांगलं होतं. ते चित्र आपल्याला 'वेळ घालवू नका' असं बजावतं, असं ते येणाऱ्यांना सांगत.

मग मराठी ख्रिस्ती मंडळ्या सिमियन यांच्यामुळे उभ्या राहिल्या का?

सरसकट नाही. अहमदनगर, नारायण वामन टिळक, अमेरिकन मराठी मिशन ही परंपरा अँग्लिकन नाही. सिमियन यांच्याशी जोडणारा धागा सीएमएसचा आहे: १८२० पासून मुंबई, नंतर नाशिक आणि तिथलं शरणपूर. नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या फार थोड्यांना हे ठाऊक असतं. मुंबईचा अँग्लिकन डायोसीस १८३७ मध्ये, सिमियन यांच्या मृत्यूनंतर झाला. १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि हे वेगवेगळे प्रवाह एका संस्थेत आले.

त्यांनी लग्न का केलं नाही?

कॉलेजच्या फेलोला लग्न करता येत नसे. केलं तर फेलोशिप, खोल्या आणि त्यांबरोबर विद्यार्थ्यांचा सहवास, तिन्ही गेलं असतं.

मृत्यू कसा झाला? केंब्रिजला गेल्यास काय पाहावं?

१३ नोव्हेंबर १८३६, रविवार. त्या दिवशी विद्यापीठाचं प्रवचन त्यांच्याकडेच होतं. त्याच्या घंटा सेंट मेरी चर्चमध्ये वाजत असताना ते गेले. अंत्यविधीच्या दिवशी दुकानं बंद होती आणि विद्यापीठातली व्याख्यानं थांबवली होती. ज्या गावाने त्यांची बाकडी अंगणात फेकली तेच हे गाव.

किंग्जच्या चॅपेलमध्ये पश्चिम दाराजवळच्या फरशीवर त्यांची आद्याक्षरं आणि साल एवढंच कोरलं आहे, शोधावं लागतं. होली ट्रिनिटीत स्मृतिफलक आहे. त्यावर करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या दुसऱ्या अध्यायाच्या आधाराने लिहिलं आहे की वधस्तंभावर खिळलेल्या येशू ख्रिस्ताशिवाय दुसरं काही जाणायचं नाही असा त्यांचा निश्चय होता. विद्यार्थ्यांना चहा द्यायची काळी किटली आणि त्यांची छत्रीही तिथे जपलेली आहे. केंब्रिजमध्ये आलेल्या पहिल्या काही छत्र्यांपैकी ती एक, असं सांगतात.